महावृक्ष आणि काचेचा डोळा

१८८२ साली ली-वॉर्नर नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने सातारा जिल्ह्यातील जावळी भागात एक वड मोजला. म्हसवे गावचा हा वड. त्याचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम रुंदी ४४२ फूट भरली. ही मापे पुढे वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतूनही उतरली. गाव तर 'वडाचे म्हसवे' याच नावाने ओळखले जाते. हाच ली-वॉर्नर १८९५ साली म्हैसूर संस्थानचा रेसिडेंट म्हणून नेमला गेला. ज्या वास्तूला आज बंगळूरचे लोक राजभवन म्हणून ओळखतात, ती त्या काळची रेसिडेन्सी. बदलीची नोकरी माणसाला कोठून कोठे नेते, याचे हे एक लहानसे उदाहरण आहे. परंतु आपला प्रश्न त्या अधिकाऱ्याचा नाही, वडाचा आहे. गावकऱ्यांनी ज्याच्या सावलीत पिढ्यानुपिढ्या गुरे बांधली, त्या झाडाभोवती फीत धरावी असे एकोणिसाव्या शतकातील परक्या राज्यकर्त्याला का वाटले?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या फितीत सापडत नाही. त्याच पिढीच्या हाती आणखी एक साधन आले होते. ते म्हणजे छायाचित्रणाचा कॅमेरा. जगात जेथे जेथे हा कॅमेरा गेला, तेथे तेथे त्याने आरंभीच्या काळातच एखाद्या प्रचंड वृक्षापुढे आपली तिवई रोवली. इंग्लंडात ओक, फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या अरण्यातील जुनाट झाडे, कॅलिफोर्नियात सेक्वोया, हिमालयात देवदार, कलकत्त्याला वड. हा योगायोग नव्हे. त्या चित्रांतील वृक्ष नुसता वृक्ष नव्हता. पाहणाऱ्यांनी त्याच्यावर काही अर्थ लादले होते, आणि ते अर्थ देशपरत्वे निराळे होते.

वृक्षाचे व्यक्तिचित्र काढण्याची हौस कॅमेऱ्याहून जुनी आहे. जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर. १७७५ साली राघोबादादांच्या साहाय्यार्थ कर्नल कीटिंगची जी फौज गुजरातेत उतरली, तिच्यासोबत तो कीटिंगचा चिटणीस म्हणून होता. भडोचजवळ नर्मदेतील बेटावरचा कबीरवड त्याने पाहिला, रेखाटला आणि १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'ओरिएंटल मेमॉयर्स' या ग्रंथात वर्णिला. मोठे बुंधे साडेतीनशे, लहान पारंब्या तीन हजारांहून अधिक, आणि सात हजार माणसे सावलीत मावतील एवढा विस्तार, असा त्याचा हिशेब आहे. इंग्रजांनी या झाडाला दिलेले नावही ध्यानात घेण्याजोगे आहे. इराणच्या किनाऱ्यावर गुजराती वाणी ज्या झाडाखाली जमत व पूजाअर्चा करीत, त्याला युरोपीय प्रवाशांनी 'वाण्यांचे झाड' म्हटले आणि त्यातून 'बॅनियन' हा शब्द रूढ झाला. म्हणजे परक्याने वडाला प्रथम नाव दिले ते त्याच्या पानाफळांवरून नव्हे, त्याखाली बसणाऱ्या माणसांवरून. ही गोष्ट पुढे विसरली गेली.

१८३९ साली छायाचित्रणाच्या शोधाची वार्ता जगजाहीर झाली. इंग्लंडात टॅल्बट याने कागदावर निगेटिव्ह घेण्याची रीत सिद्ध केली. त्याचे लॅकॉक येथील निष्पर्ण ओक वृक्षाचे चित्र साधारण १८४२-४३ चे. झाड हिवाळ्यातलेच का, याला सौंदर्यदृष्टीइतकेच व्यावहारिक कारणही आहे. त्या काळी प्रकाश घेण्यास कित्येक सेकंद, पुष्कळदा मिनिटेही लागत. तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक आली की पाने हलत आणि चित्रात त्यांचा धूसर ढग होई. शिवाय तेव्हाची रसायने निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, हिरव्याला फार थोडा. त्यामुळे आकाश पांढरेफटक उमटे आणि पालवी काळवंडे. बुंधा मात्र हलत नाही. त्याच्या सालीवरच्या भेगा, गाठी, जखमा काचेवर वा कागदावर कोरल्यासारख्या येत. माणसाला निश्चल बसविण्यासाठी मानेमागे लोखंडी टेकू लावावा लागे. महावृक्षाला त्याची गरज नव्हती. तो छायाचित्रकाराला मिळालेला सर्वांत धीराचा विषय होता.

पण केवळ सोयीने प्रतीके जन्मास येत नाहीत. इंग्रजाच्या मनात ओक म्हणजे आरमाराची जहाजे आणि जुन्या घराण्यांची जमीनदारी. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो येथे चित्रकार आणि छायाचित्रकार एकाच झाडापुढे बसू लागले, आणि त्यांच्या आग्रहातून १८६१ साली त्या अरण्याचा काही भाग केवळ सौंदर्यासाठी राखून ठेवण्यात आला. झाड तोडू नये, कारण ते पाहण्याजोगे आहे, हा विचार सरकारी हुकुमात येणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

याच विचाराचे सर्वांत मोठे नाट्य अमेरिकेत घडले. कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरास येथील सेक्वोया वृक्षांची कीर्ती पसरली तेव्हा पहिला उद्योग झाला तो १८५३ साली त्यांतला एक पाडण्याचा. त्याच्या खोडाच्या थोट्यावर पुढे नाचाची बैठक झाली. १८५४ साली 'वनमाता' म्हणविल्या जाणाऱ्या दुसऱ्या वृक्षाची साल ११६ फूट उंचीपर्यंत सोलून काढली गेली आणि ती जोडून न्यूयॉर्कला व मग लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात उभी केली गेली. एवढे करूनही अनेकांना ती लबाडीच वाटली. वृक्ष मेला आणि साक्षही पटली नाही.

या वृक्षाच्या नावाची कथा मराठी वाचकाला विशेष वाटेल. लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५३ साली त्याला 'वेलिंग्टोनिया' असे नाव दिले. हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. अमेरिकनांना आपल्या भूमीवरच्या वृक्षाला इंग्रज सेनापतीचे नाव मुळीच रुचले नाही. त्यांनी 'वॉशिंग्टोनिया' हे नाव पुढे केले. शास्त्रीय नावाचा वाद दीर्घकाळ चालला. झाडाला यातले काही ठाऊक नव्हते, परंतु राष्ट्रांना आपापल्या विजयाचा स्तंभ हवा होता, आणि जिवंत स्तंभ दगडी स्तंभापेक्षा अधिक शोभिवंत दिसतो.

१८६१ साली कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार अठरा इंच बाय बावीस इंचांची काच मावेल असा अवजड कॅमेरा घेऊन योसेमिटीच्या खोऱ्यात आणि मारिपोसाच्या वृक्षराईत गेला. तेथील 'ग्रिझली जायंट' या महावृक्षाचे त्याने घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. वृक्षाच्या पायथ्याशी गॅलन क्लार्क हा मनुष्य उभा आहे. खोडापुढे तो अंगठ्याएवढा दिसतो. ज्या साक्षीसाठी एका झाडाची साल सोलावी लागली होती, ती साक्ष येथे झाडाच्या केसालाही धक्का न लागता मिळाली. ही चित्रे न्यूयॉर्कला मांडली गेली, लोकांनी पाहिली, आणि ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने योसेमिटीचे खोरे व मारिपोसाची राई सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झाली. एकट्या चित्रांनी कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्त होईल, पण ज्यांनी ते खोरे कधी पाहिले नव्हते त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्रांनीच उभे केले, यात शंका नाही. मात्र याच चित्रांत एक पोकळीही आहे. त्या खोऱ्यात राहणाऱ्या मूळ रहिवाशांवर १८५१ साली सशस्त्र पथक धाडून त्यांना हुसकावण्यात आले होते. चित्रांतील निर्मनुष्य शांतता निसर्गाने दिलेली नव्हती, ती माणसांनी घडवून आणलेली होती.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. म्हणजे ही विद्या आपल्या मंडळींनी उशिरा उचलली असे नव्हे. परंतु तिचा सरकारी ओघ होता तो इमारतींकडे. मुंबई सरकारने बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील शिल्पे टिपण्याच्या कामी लावले. अजिंठ्याला आयुष्य वेचणाऱ्या रॉबर्ट गिल याच्या चित्रांचा एक संग्रह १८६४ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम हिंदुस्थानातील 'वास्तुशिल्प आणि निसर्गेतिहास' अशी त्याच्या नावातच जोड आहे. लेणे आणि अरण्य, भग्न मंदिर आणि त्याच्या भिंतीत मुळे रोवून बसलेला पिंपळ, हे दोन्ही त्या दृष्टीला एकाच जातीचे वाटत. दोन्ही जुने, दोन्ही मूक, आणि दोन्ही जणू गत वैभवाची नोंद करून घेण्यास नव्या राज्यकर्त्याची वाट पाहत असलेले.

बंगळूरचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मद्रास फौजेतील कॅप्टन लिनियस ट्राइप याने १८५४ च्या डिसेंबरात हळेबीड व बेलूर येथील मंदिरांची छायाचित्रे घेतली. याचे पहिले नावच थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे. १८५५ साली ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर त्याला धाडण्यात आले. त्या प्रवासात पगोडे व वाडे यांच्या जोडीने येनानजाउंग येथील एका चिंचेचेही त्याने चित्र घेतले. पुढे तो मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार झाला. परंतु गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांना हे खाते सरकारी तिजोरीला न परवडणारी चैन वाटली आणि ते बंद झाले. काटकसरीचा बडगा प्रथम कोणत्या खात्यावर पडतो, हे आमच्या वाचकांना सांगणे नको.

हिंदुस्थानच्या महावृक्षांना सर्वाधिक प्रसिद्धी दिली ती सॅम्युएल बोर्न याने. १८६३ साली तो या देशात आला आणि १८७० साली परत गेला. मधल्या सात वर्षांत त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. ओल्या कोलोडियनच्या रीतीत काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच प्रकाश द्यावा लागे व लगेच धुवावी लागे. म्हणून अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या व काचांच्या पेट्या वाहणारे हमाल डझनांनी बरोबर असत. त्याने देवदार टिपले, काश्मीरच्या पॉप्लरांची रांग टिपली, आणि कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील महावटाचेही चित्र घेतले. ही चित्रे त्याच्या पेढीच्या सूचीत क्रमांकानिशी विकत मिळत व साहेबलोक ती आल्बममध्ये लावून विलायतेस नेत.

ही चित्रे घेतली जात असतानाच त्याच हिमालयाचे देवदार रेल्वेच्या स्लीपरांसाठी कोसळत होते आणि ओंडके नद्यांतून खाली येत होते. १८६४ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेत मारिपोसाची राई कुऱ्हाडीपासून राखली गेली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात ब्रँडिस यांची पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. पाठोपाठ १८६५ व १८७८ चे वनकायदे आले. येथेही रक्षणच होते, पण ते मुख्यतः इमारती लाकडाच्या पुरवठ्यासाठी होते, आणि त्याचा भार खेड्यांवर पडला. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने कुणब्याची गायराने व चराई हिरावल्याची तक्रार केली आहे. ली-वॉर्नर म्हसव्याचा वड मोजत होता तो हाच काळ. एकाच झाडाकडे तीन नजरा लागल्या होत्या. साहेबाला त्यात आश्चर्य दिसे, खात्याला घनफूट दिसत आणि कुणब्याला सावली व चारा.

या चित्रांतील मनुष्याकडे आता पाहू. कॅलिफोर्नियातल्या चित्रात खोडाशी उभा असलेला मनुष्य मापाची काठी आहे. वृक्ष केवढा मोठा, हे कळावे म्हणून तो तेथे उभा केलेला असतो. हीच रीत इकडेही आली. वडाखाली एखादा माळी, एखादा भिस्ती वा शिपाई उभा करावयाचा, त्याचे नाव लिहावयाचे नाही, आणि चित्राखाली झाडाचा घेर छापावयाचा. पण आपल्याकडे झाडाखालचा मनुष्य काठी म्हणून कधीच उभा नव्हता. वडाला पार बांधलेला असतो. पारावर पंचायत बसते, उतारू विसावतो, भांडणे मिटतात आणि नवी सुरूही होतात. ज्येष्ठी पौर्णिमेला बायका त्याला सूत गुंडाळतात. खोडाशी एखादा शेंदूर लावलेला दगड असतोच. 'पारावरच्या गप्पा' या शब्दप्रयोगातून झाड काढून टाकले तर गप्पाही राहत नाहीत. सेक्वोयाचे मोठेपण त्याच्या एकाकीपणात आहे, वडाचे मोठेपण त्याच्याखालच्या गर्दीत. पहिल्याची भाषा शिकून आलेला कॅमेरा दुसऱ्यापुढे उभा राहिला, आणि त्याने गर्दी बाजूला सारून झाड तेवढे घेतले.

कधी कधी झाडाची स्मृती चित्राच्या विरुद्धही उभी राहिली. १८५७ नंतर कानपूरला बीबीघरच्या विहिरीवर संगमरवरी देवदूत बसविण्यात आला. बोर्नने घेतलेली त्या स्मारकाची छायाचित्रे साहेबलोकांत घरोघर गेली. त्याच बागेतील एका वृद्ध वडावर बंडवाल्यांना फासावर चढविले, अशी आठवण कानपूरचे लोक सांगत आले. स्वातंत्र्यानंतर देवदूत तेथून हलविला गेला आणि बागेला नानाराव पेशव्यांचे नाव मिळाले. तो वडही आता उरलेला नाही. देवदूताची कीर्ती कागदावर राहिली, वडाची बोलण्यात.

येथे छायाचित्रणातील एका यांत्रिक गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. त्या काळचा छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून घाशीव काचेवर दृश्य पाही, ते त्याला उलटे दिसे. भिंगाच्या गुणाने आकाश खाली आणि जमीन वर येई. म्हणजे ओक असो की वड, प्रत्येक महावृक्ष त्याने प्रथम पाहिला तो मुळे वर आणि शाखा खाली अशा स्थितीत. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ असाच उफराटा आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या रूपकाचा केवढा विस्तार केला आहे हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. उद्यापर्यंत टिकेल याची शाश्वती नाही तो अश्वत्थ, असा अर्थ तेथे उलगडला आहे. छायाचित्रकाराला तो वृक्ष चिरंतनाचे प्रतीक वाटत होता. आमच्या परंपरेने नेमका वृक्षच क्षणभंगुर संसाराचे प्रतीक म्हणून निवडला. दोन्ही दृष्टींपुढे एकच उलटे झाड होते. एकीने ते सरळ करून छापले, दुसरीने उलटेच ठेवून त्याचा अर्थ लावला.

काळाने दोघांचीही परीक्षा घेतली आहे. वॉटकिन्सचा स्टुडिओ, त्यातील काचा व चित्रांसह, १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात व आगीत नष्ट झाला. ग्रिझली जायंट मात्र उभा आहे. शिबपूरच्या वडाला १८६४ व १८६७ च्या वादळांनी तडाखे दिले, खोडाला कीड लागली आणि १९२५ साली मूळचा बुंधा काढून टाकावा लागला. तरी झाड गेले नाही. पारंब्या जमिनीत उतरून स्वतःच खांब झाल्या होत्या, त्यांवर ते पसरतच राहिले. बंगळूरच्या पश्चिमेस, केंगेरीपलीकडे 'दोड्ड आलद मर' म्हणून प्रसिद्ध असलेला सुमारे तीन एकरांवरचा वड आहे. त्याचेही मुख्य खोड रोगाने गेले, आणि आज तो अनेक झाडांची राई असावी तसा दिसतो. ज्या बुंध्याला मध्यभागी ठेवून एकोणिसाव्या शतकाने आपली चित्रे रचली, तो बुंधा वडाला अपरिहार्य नव्हता, हे झाडानेच सिद्ध केले.

बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या माणसाला यातून काही बोध घेता येईल. पण तो घेताना सावध असावे. पारंबी रुजते ती तिला माती मिळाली तर. पारंबीखाली फरसबंदी केली की ती वाऱ्यावर लोंबत राहते. होसूर-सर्जापूर रस्त्यावरून ज्याचे नाव पडले तो आमचा एचएसआर लेआउट ही अलीकडच्या काळातील वसाहत. अगऱ्याचे तळे तेवढे जुने. येथल्या रस्त्यांवरील पुष्कळ झाडे येथे राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांहून वयाने लहान आहेत. मोठे झाड पाहावयाचे तर आम्ही १७६० साली हैदरअलीने आरंभिलेल्या लालबागेत जातो, आणि तेथल्या प्रचंड पांढऱ्या सावरीच्या पायाशी मुलांना उभे करून फोटो घेतो. वॉटकिन्सने गॅलन क्लार्कला उभे केले त्याच रीतीने. रीत अजून तीच आहे, फक्त काच गेली आणि हमाल गेले.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. प्रत्येकाच्या गावी, किंवा ज्या गावी नोकरीने नेऊन टाकले त्या गावी, एखादे मोठे झाड असतेच. रस्ता रुंद करण्याच्या नकाशात ते बहुधा एका ठिपक्याएवढेही नसते. त्याचे चित्र घ्यावे, आणि त्याखाली केवळ घेर न लिहिता साल लिहावे, गावाचे नाव लिहावे, पारावर बसलेल्या माणसांना विचारून त्यांची नावे लिहावी, त्या झाडाला ते काय म्हणतात तेही लिहावे. मारिपोसाची राई वाचली कारण कोणीतरी तिची साक्ष वेळेवर दिली. म्हसव्याच्या वडाची मापे आज आपल्याला ठाऊक आहेत कारण एका अधिकाऱ्याने ती टिपून ठेवली. त्या दिवशी फितीचे दुसरे टोक ज्याने धरले असेल त्याचे नाव कोणी लिहिले नाही. पुढच्या नोंदीत ते असावे.